आरामाचं वेळापत्रक

नाही, पण मला एक सांगा, आराम करायचा म्हटला तरी तो किती वाजता करायचा, कुठे करायचा, त्या वेळी सावली कोणत्या बाजूला असेल, हे कुणीतरी आधी ठरवायला नको का? की आपलं उठायचं, सायकलवर टांग मारायची आणि सुटायचं? एवढं म्हटलं ना, की आमच्या घरात सगळे माझ्याकडे असं बघतात, जसं काही मी पोहायला निघताना छत्री मागितलीय! नवरा म्हणतो, "अगं, आठ-नऊ माणसं पाण्याकाठी सायकलने एक फेरी मारणार, आरामात. त्याला चार पानांचं पत्रक कशाला?" चार नाही हो. तीनच पानं होती. चौथं परिशिष्ट होतं.

आणि तुम्हाला सांगते, सुरुवात माझी नव्हतीच. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर दाताचे डॉक्टर राहतात. त्यांची सायकल इतकी हलकी की ते ती एका बोटाने उचलून दाखवतात, आणि तुम्ही बघितलं नाहीत तर पुन्हा उचलून दाखवतात. हे डॉक्टर गेली तीन वर्षं इमारतीच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी एकच ओळ टाकतात... "रविवारी पाण्याकाठी सायकलने जाऊ या का? आरामात!" त्यावर सतरा अंगठे येतात, दोन हसरे चेहरे येतात, कुणीतरी "नक्की नक्की" लिहितं, आणि रविवारी सगळे आपापल्या घरी झोपलेले असतात. डॉक्टरसुद्धा! अशी आमच्या इमारतीची परंपरा. आजवर एकही बेत जिना उतरून खाली आलेला नाही.

तर त्या दिवशी मी मुंगीला भरवत होते. मुंगी म्हणजे माझी मुलगी, दीड वर्षाची. ही सतत चालत असते, गोडाकडे जाते आणि अडवली की चावते, म्हणून मुंगी. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात फोन, डॉक्टरांची ती ओळ आली, आणि मी नवऱ्याला सहज म्हटलं, "मजा येईल रे, जायला हवं." तर तो वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता काय म्हणाला माहितीये? "तू? तू शेवटच्या क्षणी रद्द करशील. लिहून देतो. रविवारी सकाळी म्हणशील, ढग आलेत."

लागलं हो मला. खोटं असतं तर लागलं नसतं! कारण मुंगी झाल्यापासून मी किती बेत रद्द केलेत, त्याची यादी कुणी केली नाही हे त्याचे उपकार. बहिणीच्या नव्या घराला गेले नाही, कारण तिकडे जिन्याला कठडा नव्हता. मैत्रिणीच्या लग्नाच्या वाढदिवसाला गेले नाही, कारण मुंगी एकदा शिंकली होती. एकदाच! माझ्या डोक्यात 'पण समजा' नावाचं एक दुकान आहे, ते चोवीस तास उघडं असतं. पण समजा पाऊस आला? पण समजा कुत्रं आलं? पण समजा कुत्रं नाही आलं आणि ही कुत्र्यामागे गेली?

आणि एके काळी मी, तुम्हाला खोटं वाटेल, याच पाण्याकाठच्या रस्त्याने कॉलेजला जायची. रोज. सायकलवर. हात सोडून! आता तीच सायकल जिन्याखाली, आणि तिच्यावर बसवायची मुलांची सीट माळ्यावर, खोक्यात. मीच हौसेने आणलेली, तीन महिन्यांपूर्वी. खोक्यावरची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नाही. येता-जाता माळ्याकडे नजर गेली की ते खोकं माझ्याकडे बघायचं. मीच नजर वळवायची.

तर त्या 'लिहून देतो'ने माझं डोकं असं फिरलं, की चमचा ठेवला आणि अंगठ्याने ग्रुपवर टाकून मोकळी झाले... "या नाही, पुढच्या रविवारी. मी ठरवते सगळं."

पाठवलं, आणि लगेच घाम फुटला. पण गेलेला निरोप आणि निसटलेली मुंगी, परत कोण आणणार?

आता तुम्ही म्हणाल, ठरवायचंय काय त्यात? अहो, मी शाळेत शिकवते. म्हणजे सध्या रजेवर आहे, पण सहा वर्षं शाळेचं वेळापत्रक माझ्याकडे होतं. बत्तीस तुकड्या, एकेचाळीस शिक्षक आणि मैदान एक! सहा वर्षांत एकदाही दोन वर्ग एकाच वेळी मैदानावर भिडले नाहीत. आमचे मुख्याध्यापक कधी कुणाचं कौतुक करत नाहीत, पण मी रजेवर निघाले तेव्हा ते म्हणाले, "बाई, आता घंटा वाजवायची भीती वाटेल." हे असं माझं काम! त्या बाईने नऊ माणसांची सहल काय बोटांवर मोजायची?

मी रस्ता बघायला सुरुवात केली. आठ दिवस. रोज सकाळी मुंगीला बाबागाडीत घालायची, हातात वही, मनगटाला घड्याळ, आणि निघायचं. इमारतीच्या फाटकापासून पहिला धक्का, जिथे होड्या लागतात, तो दोन किलोमीटर. चाळीस मिनिटं. तिथे बाक आहेत, पंधरा मिनिटं आराम. तिथून पाण्यात उतरणाऱ्या मोठ्या पायऱ्या, आणखी दोन किलोमीटर, चाळीस मिनिटं. पुन्हा पंधरा मिनिटं आराम. तिथून दीपगृह, तीन किलोमीटर, साठ मिनिटं. सातला निघायचं, नऊ पन्नासला दीपगृहापाशी पोचायचं, दहाला तिथला आइस्क्रीमवाला दुकान उघडतो, दहा मिनिटं रांगेसाठी हातात. आहे की नाही चोख? एकेक आकडा मी स्वतः चालून काढलेला. कुठे नळ आहे, कुठे फरशी उखडलीय, कोणत्या बाकाचा पाय डुगडुगतो, सगळं पत्रकात.

आणि खांब! खांब विसरले सांगायला. आमच्या तळमजल्यावर एक मावशी आहेत, शिवणकाम करतात, सगळ्या इमारतीच्या पँटी त्यांनी आखूड केल्यात. त्या गेल्या वर्षी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, सायकल शिकल्या. चढता येतं, चालवता छान येतं, उतरता येत नाही. उतरायचं म्हणजे त्यांना एखादा खांब लागतो. खांबाजवळ जायचं, त्याला मिठी मारायची, आणि सायकल खालून निघून जाऊ द्यायची. तर प्रत्येक थांब्यावर 'मावशींसाठी खांब' असा रकाना मी केला. पहिल्या धक्क्यावर हिरवा दिव्याचा खांब, पायऱ्यांपाशी नो पार्किंगची पाटी, आणि दीपगृहापाशी झेंड्याचा. तो जरा बारीक होता, पण मजबूत. मी स्वतः मिठी मारून बघितली. एक गृहस्थ थांबून विचारायला लागले, "काही त्रास होतोय का?" म्हटलं, नाही हो, आरामात आहे!

डॉक्टर रोज जिन्यात गाठायचे. "वहिनी, सरासरी वेग काय ठेवायचा? माझ्या नाडीच्या हिशेबाने विचारतो." म्हटलं, "डॉक्टर, आरामात." "आरामात म्हणजे किती?" आता काय सांगणार? म्हटलं, "पत्रक येईल, त्यात सगळं आहे." ते खूश. कुणी वाचणार नव्हतंच. तीन पानांतलं एक पान जरी कुणी नीट वाचलं असतं ना, तर पुढचं सगळं टळलं असतं. टळलं असतं तर बरं झालं असतं का, हे मात्र विचारू नका.

नवऱ्याने मात्र एक वाचलं. नेमकं नको तेच. दुसऱ्या पानावर तक्ता होता, नाव आणि त्यापुढे सायकल. डॉक्टर, त्यांची हलकी. मावशी, त्यांची निळी. नवरा, त्याची गंजकी. खाली माझं नाव, आणि पुढे...

"देखरेख?" तो म्हणाला. "देखरेख नावाची सायकल कोणती गं?"

"अरे, कुणीतरी व्यवस्था बघायला नको का? मी मुंगीला बाबागाडीत घेऊन मागून येईन, आरामात."

तो हसला नाही. हसला असता तर भांडता आलं असतं. नुसतं "बरं" म्हणाला. त्या 'बरं'मध्ये ते माळ्यावरचं खोकं, जिन्याखालची सायकल, बहिणीचा जिना, सगळं होतं हो! मी काय केलं? उठले, स्टूल घेतलं, खोकं काढलं, आणि सायकल ढकलत कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेले. म्हटलं, "ही सीट बसवून द्या."

त्याने बसवली. मी हलवून बघितली. म्हटलं, "निघणार नाही ना?"

"नाही ताई."

"पण समजा निघाली?"

तो पान्हा खाली ठेवून म्हणाला, "ताई, सायकल मोडेल, रस्ता मोडेल, मी मोडेन. ही सीट निघणार नाही."

पण एकदम मुंगीला कशी बसवू? आधी सराव नको? म्हणून मी मुंगीचं वजन काढलं, नऊ किलो आठशे. घरात पिठाची दहा किलोची पिशवी होती. दोनशे ग्रॅम काढून ठेवलं. हसता काय? वजन म्हणजे वजन! ती पिशवी सीटमध्ये बसवली, पट्टे आवळले, पिशवीच्या वर गाठ होती तिच्यावर मुंगीचं हेल्मेट घातलं, आणि इमारतीच्या आवारात फेऱ्या मारायला लागले. पाच दिवस. रोज संध्याकाळी वीस फेऱ्या. वळणावर मागे वळून बघायची, पीठ ठीक आहे ना? एकदा तर गतिरोधकावरून जाताना माझ्या तोंडून चक्क निघून गेलं, "घट्ट धर हं!" मावशी दारात बसून काजं करत होत्या, चष्मा कपाळावर. म्हणाल्या, "अगं पोरी, किती गुणी गं तुझं बाळ! जराही कुरकुर नाही."

म्हटलं, "मावशी, पीठ आहे ते."

"असू दे," त्या म्हणाल्या, "पण गुणी आहे."

आणि खिडकीतून हे सगळं बघत होत्या आमच्या सासूबाई. त्यांच्याबद्दल सांगायला हवं. सासूबाई टपालखात्यातून निवृत्त झाल्या. तीस वर्षं सायकलवरून पत्रं वाटली त्यांनी, ऊन असो की वारा. बोलतात तारेसारखं. जितके शब्द तितके पैसे पडणार असल्यागत. पाचव्या दिवशी मी वर आले, घामाघूम, तर म्हणाल्या, "वळणावर हँडल आवळतेस."

"भीती वाटते हो आई. मागे ओझं असलं की सायकल डुलते."

"डुलू द्यायची."

बस. तीस वर्षांचा अनुभव, दोन शब्दांत. आणि गेल्या आत.

तर उजाडला रविवार. ढग? एक ढग नव्हता! मी चारदा बघितलं. नऊपैकी नऊ माणसं फाटकापाशी हजर, तुम्हाला सांगते, इमारतीच्या इतिहासात पहिल्यांदा बेत जिना उतरून खाली आला, आणि माझ्या छातीत असं काही भरून आलं की डोळ्यांत पाणी. डॉक्टर अंगाला चिकटलेला तो चमकदार पोशाख घालून आलेले, नाडी मोजणारं घड्याळ लावून. मावशींनी ओढणी कमरेला सुईदोऱ्याने टाचून घेतलेली, चाकात जायला नको म्हणून. मी सगळ्यांना पत्रक वाटलं. सगळ्यांनी घडी करून खिशात घातलं.

माझी सायकल उभीच होती. मी मुंगीला बाबागाडीत बसवलं, पाणी, औषधांची पेटी, जादा पंप, सगळं गाडीखालच्या जाळीत. कुणाकडे बघितलं नाही. नवऱ्यानेही बघितलं नाही, ते जास्त टोचलं. सासूबाई पुढे आल्या. "ही रिकामी आहे ना?" म्हणाल्या, माझं हेल्मेट घातलं, माझ्या सायकलवर बसल्या आणि गेल्यासुद्धा. बासष्ट वर्षांच्या! एका हाताने!

सात वाजता सगळे निघाले. आरामात. घंट्या वाजवत. मुंगी टाळ्या पिटत ओरडली, "टिंग! टिंग!" आणि वळणावर सगळे दिसेनासे झाले. मी आणि बाबागाडी. मागच्या एका चाकाचं कुईकुई.

सात दहाला फोन. नवरा. "अगं, पहिल्या धक्क्यावर आहोत. आता काय करायचं?"

"धक्क्यावर? इतक्यात? अरे, तुम्ही सात चाळीसला पोचायचंय!"

"मग अर्धा तास काय करू? उलटा जाऊ?"

मागून डॉक्टरांचा आवाज, "वहिनी, आराम कशाचा करायचा? अजून दम लागला नाहीये!" त्याच्याही मागून मावशी, "खांब मात्र छान आहे गं!"

म्हटलं, तुम्ही भलत्याच वेगाने जाताय. आरामात जायचं ठरलंय ना! नवरा म्हणतो, "अगं, याहून हळू गेलो तर पडू." आणि फोन ठेवला. दहा मिनिटांनी पुन्हा फोन. पायऱ्यांवर आहोत! पायऱ्या, जिथे माझ्या हिशेबाने आठ पस्तीसला जायचं, तिथे हे सात वीसला! मी रस्त्यात थांबले. वही काढली. चाळीस मिनिटं, दोन किलोमीटर, मी स्वतः, स्वतःच्या पायांनी... पायांनी.

आणि मग, तुम्हाला सांगते, माझ्या अंगावर कुणीतरी गार पाण्याची बादली ओतावी तसं झालं. आठ दिवस मी मोजलं काय? बाबागाडीचा वेग! सायकलच्या सहलीचं वेळापत्रक मी बाबागाडीवर काढलं होतं! बत्तीस तुकड्या, एकेचाळीस शिक्षक, आणि हे!

पण का माहितीये? दीड वर्ष झालं, माझं सगळं जगच बाबागाडीच्या मिनिटांत आहे. दूध सहा मिनिटं. दवाखाना चौदा मिनिटं, चढावर सतरा. बाग नऊ, कुत्रं दिसलं तर एकोणीस. हेच रस्ते कधी काळी मी हात सोडून कापत होते, हे डोक्यातून पुसूनच गेलं होतं हो! सायकल बाबागाडीपेक्षा जोरात जाते... हे आठवायला मला नऊ माणसं सहलीला पाठवावी लागली.

पुन्हा फोन वाजला. या वेळी मावशी. "अगं पोरी, आम्ही इथेच थांबलोय. तुझ्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरलंय. बेत तुझा, आणि तूच नाहीस?"

म्हटलं, "मावशी, मला तिथे यायला एक तास लागेल हो. तुम्ही जा पुढे, आरामात."

"नाही जायचं," मावशी म्हणाल्या. "मी खांबाला धरून बसलेय."

आता रडू येणार, एवढ्यात समोरून, रस्त्याच्या कडेकडेने, पाठ ताठ, एक हात हँडलवर, सासूबाई! थांबल्या. उतरल्या. कपाळाला घाम नाही.

"आई! तुम्ही परत?"

"चार किलोमीटर लोक मला बघून टाटा करत होते," त्या म्हणाल्या. "कुणाला करतात म्हणून मागे बघितलं."

मी बघितलं. सीटमध्ये पीठ! पट्टे आवळलेलं, हेल्मेट घातलेलं! सकाळच्या गडबडीत मी काढलंच नव्हतं!

"काढ ते," सासूबाई म्हणाल्या. "तिला बसव."

"आत्ता? इथे? आई, पण समजा..."

"तीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली," त्या म्हणाल्या. एका दिवसात त्यांच्या तोंडून इतके शब्द मी तोवर ऐकले नव्हते. "पिशवीतच ठेवली असती तर एकही फाटलं नसतं."



पीठ काढलं, बाबागाडीत ठेवलं. मुंगीला बसवलं. पट्टे लावले, पुन्हा सोडले, पुन्हा लावले. तिसऱ्यांदा हात गेला तेव्हा सासूबाईंनी नुसतं बघितलं. हेल्मेट मुंगीला, आईंचं मला. मी सायकलवर बसले, पाय जमिनीवर, आणि पाय उचलेना. गुडघे असे थरथरत होते की घंटी आपोआप वाजत होती. आणि त्या थरथरीच्या घंटीवर मागून आवाज आला...

"टिंग!"

उचलला पाय.

पहिली पन्नास पावलं मी श्वास घेतला नाही. सायकल डुलली. पिठाने कधी डुलवली नव्हती तशी, कारण पीठ काही बगळा दिसला म्हणून उजवीकडे झुकत नाही! डावीकडे होडी, डुलली. उजवीकडे कुत्रं, डुलली. हात आवळायला निघाले, आणि म्हटलं, डुलू द्यायची. डुलू द्यायची. बाजूला पाणी, तोंडावर वारा, केस तोंडात, मागे ती ओरडतेय "अजून! अजून!" आणि तुम्हाला सांगते, कुणाला सांगू नका, मला माझाच हेवा वाटला! पायऱ्या कधी आल्या कळलं नाही. सात पन्नासला. नो पार्किंगच्या पाटीला धरून मावशी, हात वर करून डॉक्टर, आणि पुढे, रस्त्याच्या मधोमध, आमचा नवरा. टाळ्या नाही वाजवल्या त्याने. खिशातून पत्रक काढलं, परिशिष्ट उलटं केलं. मागे त्याच्या अक्षरात, खरंच लिहून ठेवलेलं होतं... 'रविवारी ढग येतील.' खाली सही! लिहून देतो म्हणजे खरोखर लिहून! म्हणाला, "चुकलं," आणि कागद मुंगीच्या हातात दिला. तिने लगेच तोंडात घातला. अर्धं परिशिष्ट गेलं, पण त्या दिवशी मी 'पण समजा शाई' म्हटलं नाही. मनात म्हटलं. तोंडाने नाही.

पुढचे तीन किलोमीटर सगळे मिळून गेलो. दीपगृहापाशी पोचलो आठ दहाला. आइस्क्रीमवाला उघडणार दहाला! बाकी सगळं बंद, चिटपाखरू नाही. मला वाटलं, आता माझी शोभा. पण कुणी घड्याळ बघेना! मावशींनी झेंड्याच्या खांबाला मिठी मारली, उतरल्या, आणि कठड्यावर पाय सोडून बसल्या त्या बसल्याच. डॉक्टरांनी नाडीचं घड्याळ काढून बुटात टाकलं, गवतावर आडवे झाले, आणि घोरायला लागले. तीन वर्षं 'आरामात' लिहिणारा माणूस, पहिल्यांदा खराखुरा आराम करताना दिसला. मुंगी शिंपले उचलत होती, एक माझ्या हातात, एक बापाच्या हातात. नवऱ्याने आईंना फोन केला, "मी घ्यायला येऊ?" तिकडून उत्तर, "कागदावर नऊ पन्नास आहे." आणि फोन बंद.

डॉक्टर जागे झाले तेव्हा म्हणाले, "वहिनी, मानलं! हा पावणेदोन तास मोकळा ठेवायचा, ही खरी कल्पना. दुसऱ्या कुणाला सुचली नसती."

आता मी खरं सांगायला हवं होतं का? नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं. मी म्हटलं, "त्यासाठी आठ दिवस मोजावं लागतं, डॉक्टर." तो कठड्याकडे तोंड करून हसत होता. हसू दे. मुंगीला मागे बसवून साडेपाच किलोमीटर आले होते मी.

आणि मग, सगळे उठून उभे राहिले. लांबून कुईकुई ऐकू आलं. सासूबाई. बाबागाडी ढकलत, पाठ ताठ. पहिल्या धक्क्यावर सात चाळीसला पोचल्या होत्या, पंधरा मिनिटं बाकावर बसल्या. पायऱ्यांवर आठ पस्तीस. पुन्हा पंधरा मिनिटं. वाटेत कुणीतरी बाबागाडीत डोकावून म्हणालं म्हणे, "किती शहाणं बाळ, अजिबात रडत नाही!" तर या म्हणाल्या, "आजीवर गेलंय." दीपगृहाच्या घड्याळात नऊ पन्नास झाले आणि गाडीचं पुढचं चाक झेंड्याच्या खांबाला लागलं. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही!

माझं वेळापत्रक चुकलं असं कोण म्हणतं? चोख होतं. सासूबाई तर काय, खात्याचंच माणूस. पण त्या सोडल्या, तर अख्ख्या सहलीत माझं ऐकून वेळेवर निघालं, वेळेवर बसलं, वेळेवर पोचलं, ते एकटं पीठ. नऊ किलो आठशे ग्रॅम.

घरी आलो तर सगळ्यांना भूक लागलेली. पिशवीची गाठ सोडली, आणि हात धजेना हो! एवढ्या घरात माझं ऐकणारं एकुलतं एक, आणि तेही मळून टाकायचं?

मळलं. करणार काय? आरामात मळलं.